बडोद्याची बिनवर्गणीची ग्रंथालये

बडोदे संस्थानाने १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलग्यांनी सात ते बारा आणि मुलींनी सात ते दहा या वयात शाळेत गेलेच पाहिजे, असा तो कायदा होता. ब्रिटिश हिंदुस्थानात असाच कायदा व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये विधेयक मांडले, तेव्हा सरकारी बाकांनी ते हाणून पाडले. बडोद्यात मात्र १८९३ पासून अमरेली भागात हा प्रयोग सुरू होता. तेथे आलेल्या अनुभवावरच १९०६ चा कायदा उभा राहिला.

पोरे शाळेत येऊ लागली आणि एक नवीच अडचण दिसू लागली. चार-पाच वर्षे धुळाक्षरे गिरवून, वाचनमाला संपवून मूल पुन्हा शेतावर किंवा बापाच्या धंद्यावर जाई. घरात छापलेला कागद नाही. गावात वर्तमानपत्र येत नाही. दुकानाच्या हिशेबापलीकडे काही वाचण्याचे कारण नाही. काही वर्षांतच तो मुलगा अक्षरे विसरून जाई आणि त्याच्या शिक्षणावर राज्याने केलेला खर्च पाण्यात जाई. शाळा काढली म्हणजे काम संपले असे मानणाऱ्या राज्यकर्त्याला ही गोष्ट दिसली नसती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना ती दिसली, याचे एक कारण त्यांच्या स्वतःच्या बालपणात असावे असे मला वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्यास आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हते. एफ. ए. एच. इलियट यांच्या हाताखाली त्याचे शिक्षण सुरू झाले आणि १८८१ च्या अखेरीस त्याच्याकडे राज्याचा कारभार आला. अक्षर उशिरा हाती लागलेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर हावरेपणाने वाचन केले. राजवाड्यात त्यांनी जमवलेली पुस्तके वीस हजारांच्या घरात गेली होती.

तेव्हा मराठी मुलखात ग्रंथालये नव्हती असे नाही. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यात १८४८ मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, आणि १८९८ च्या ऑगस्टमध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. या संस्था लोकांनी पदरमोड करून उभ्या केल्या. मराठी छापील पुस्तक जपून ठेवण्याचे श्रेय सरकारपेक्षा त्यांनाच अधिक जाते, आणि त्यांच्याबद्दल मनात आदर बाळगूनच पुढचे म्हणणे मांडतो. ही सारी वर्गणीची ग्रंथालये होती. महिन्याला काही आणे भरणारा तो सभासद. ज्याला ते परवडत नाही, किंवा ज्याच्या ओळखीत कुणी सभासद नाही, त्याच्यासाठी फार तर वर्तमानपत्राचे टेबल असे. शहरातल्या वकिलाला, मास्तराला, कारकुनाला ही व्यवस्था पुरेशी होती. कायद्याने शाळेत बसवलेल्या कुणब्याच्या पोराला ती पुरणारी नव्हती.

१९०६ मध्येच सयाजीराव अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तेथली मोफत सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. रस्ता, दिवाबत्ती, पाणीपुरवठा यांसारखा ग्रंथालयाचा खर्चही शहराच्या करातून भागवायचा, आणि मग त्यात येणाऱ्याकडून काही घ्यायचे नाही, ही कल्पना बोस्टनसारख्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुजली होती. अँड्र्यू कार्नेगी गावोगावी ग्रंथालयाच्या इमारतींना पैसे देत होते. त्यांची अट अशी की जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या एक दशांश इतकी रक्कम दर वर्षी गावाने आपल्या कोशातून खर्च करावी. दान घेणाऱ्याने स्वतःला बांधून घेतल्याशिवाय दान मिळत नसे. बडोद्यात पुढे जी पद्धत बसवली गेली तिच्यात या विचाराची सावली स्पष्ट दिसते.

सगळे अमेरिकेतूनच आले असे मात्र नाही. चरोतर भागात मोतीभाई अमीन नावाचे शिक्षक त्याच सुमारास तरुणांची मित्रमंडळे काढून गावांत छोटी वाचनालये चालवू लागले होते. चार मित्रांनी पैसे गोळा करायचे, वर्तमानपत्रे आणि थोडी पुस्तके मागवायची आणि ओट्यावर बसून वाचायची, इतकी साधी ती सुरुवात होती. संस्थानाने आपले ग्रंथालय खाते उभारले तेव्हा या माणसाला बाहेर ठेवले नाही. ग्रामीण ग्रंथालयांच्या कामात त्यांना घेतले. गुजरातेत ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून आजही त्यांचेच नाव घेतात. सरकारी योजनेला गावात आधीच पाय फुटलेले होते, हे बडोद्याच्या यशाचे अर्धे कारण आहे.

१९१० मध्ये सयाजीरावांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. कनेटिकटमधल्या न्यू हेवन शहरातल्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथालय ते सांभाळत होते. बडोद्यात ते जेमतेम तीन वर्षे राहिले. एवढ्या काळात त्यांनी स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे केले, मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, वर्गीकरणाची पद्धत तयार केली आणि १९११ मध्ये ग्रंथपाल घडवण्याचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातला तो पहिला ग्रंथपालन वर्ग. लाहोरला एसा डॉन डिकिन्सन यांनी पंजाब विद्यापीठात असा वर्ग काढला तो त्यानंतर, १९१५ मध्ये. बडोद्याच्या वर्गामागचा हिशेब सरळ होता. बाहेरचा तज्ज्ञ एक दिवस परत जाणार, तेव्हा त्याच्या मागे काम पुढे नेणारी माणसे इथलीच हवीत.

मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया म्हणून महाराजांनी राजवाड्यातला आपला वीस हजार पुस्तकांचा खासगी संग्रह देऊन टाकला. संग्रह मोठा झाला की त्यात पुस्तक सापडणे हेच अवघड होऊन बसते, म्हणून वर्गीकरणाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. जुन्या ग्रंथालयांत पुस्तकाला जागेचा क्रमांक असे. कपाट चौथे, फळी दुसरी, पुस्तक सतरावे, असा. फळी भरली की त्याच विषयाचे पुढचे पुस्तक दुसऱ्याच कपाटात जाई, आणि काही वर्षांनी शेतीची पुस्तके पाच खोल्यांत विखुरलेली असत. ती कुठे आहेत हे फक्त जुन्या कारकुनाला ठाऊक असे. मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये काढलेल्या दशांश पद्धतीत क्रमांक जागेचा राहिला नाही, विषयाचा झाला. शेतीचे नवे पुस्तक आले की ते शेतीच्याच पुस्तकांत जाऊन बसते आणि बाकीची पुढे सरकतात. कपाटे वाढली, इमारत बदलली, तरी क्रमांक तोच राहतो. ड्युई यांचे समकालीन चार्ल्स कटर यांनी अंकांऐवजी अक्षरांवर उभी केलेली दुसरी पद्धत मांडली होती. बॉर्डेन यांनी या दोन्हींचा मेळ घालून बडोद्यासाठी पद्धत बनवली. अमेरिकन साचा इथल्या पुस्तकांना जसाच्या तसा चालणे शक्यच नव्हते. ड्युई यांच्या धर्माच्या वर्गात जवळजवळ सगळी जागा ख्रिस्ती धर्माला दिलेली आहे आणि जगातल्या बाकी सर्व धर्मांना मिळून शेवटची दहा घरे. वेद, आगम, जैन सूत्रे, कुराण आणि संतवाङ्मय त्यात कोंबायचे म्हणजे ग्रंथपालाची कसोटीच. या अडचणीचा पुरता निकाल लावण्याचे काम पुढे मद्रासचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी केले.

वर्गीकरणाची खरी गोडी वाचकाला कळते ती त्याला कपाटापर्यंत जाऊ दिले तर. आपल्याकडे रीत होती जाळीच्या कपाटांची. वाचकाने यादी चाळायची, चिठ्ठी लिहायची, शिपायाने पुस्तक काढून आणायचे, आणि बहुधा ‘बाहेर गेले आहे’ असे उत्तर यायचे. यादीतल्या नावावरून पुस्तक कसे आहे हे कळत नाही. नवशिक्या वाचकाला तर आपल्याला काय हवे हेच सांगता येत नाही. त्याला चार पुस्तके उलटून, चित्रे पाहून, एखादे पान वाचून ठरवावे लागते. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात वाचकाला फडताळापर्यंत जायला मोकळीक मिळाली. चार पुस्तके चोरीला जातील हा धोका पत्करूनच ही मोकळीक द्यावी लागते. आज शंभर वर्षांनंतरही महाराष्ट्रातल्या कितीतरी ग्रंथालयांत वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये लाकडी काउंटर उभे आहे, म्हणून या निर्णयाचे मोल मला फार वाटते.

ग्रंथालय जुन्या शहरात, मांडवीच्या परिसरात ठेवले गेले. कचेऱ्यांच्या आणि बंगल्यांच्या निवांत भागात ते नेले असते तर त्याचा डौल वाढला असता, पण दुकानदार, कारागीर, शाळकरी मुले पायी येऊ शकली नसती. तेथे वर्तमानपत्रांची खोली होती. बायकांसाठी वेगळा विभाग होता. वेगळेपणाची ही सोय आज खटकेल, पण त्या काळातल्या घरंदाज बाईला पुरुषांच्या रांगेत उभे राहून पुस्तक मागता येत नव्हते, तेव्हा तिच्यासाठी दार उघडण्याचा हाच मार्ग होता. मुलांसाठी स्वतंत्र खोली होती आणि त्यात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले होते. ग्रंथालयात खेळणी, ही कल्पना आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना तेव्हा विचित्र वाटली असणार. पण खेळायला आलेले पोर चित्रांचे पुस्तक हातात घेते, आणि तेथूनच त्याच्या वाचनाला सुरुवात होते.

मध्यवर्ती ग्रंथालयाची आजची इमारत १९३१ ची. तिच्या पुस्तकांच्या दालनात पोलादी मांडण्या मजल्यावर मजला अशा चढत गेल्या आहेत आणि मधल्या मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या आहेत. वरून येणारा दिवसाचा उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यापर्यंत पोहोचतो. कागदाच्या ढिगाजवळ दिवा-बत्ती नेण्याची गरज कमी आणि लाकूड नसल्याने आगीचे भयही कमी. आग, अंधार आणि वाळवी हे ग्रंथालयाचे तीन जुने शत्रू. या एका रचनेने तिघांनाही आवर घातला. योगायोग असा की त्याच १९३१ साली रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत सांगणारे पुस्तक मद्रासला प्रसिद्ध झाले. पुस्तके वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, या त्यांच्या सिद्धांतांचा अनुभव बडोद्याच्या वाचकांनी वीस वर्षे आधीच घ्यायला सुरुवात केली होती.

तरी बडोद्याचे खरे कर्तृत्व शहराच्या वेशीबाहेर आहे. गायकवाडांचे राज्य एकसंध नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे प्रांत गुजरात-काठियावाडात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले होते आणि मध्ये दुसऱ्या संस्थानांची किंवा इंग्रजांची हद्द लागे. १९११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे वीस लाख होती आणि तिच्यातले बहुतेक लोक खेड्यांत राहत होते. राजधानीत कितीही सुंदर ग्रंथालय बांधले तरी यांच्यापर्यंत ते कसे पोहोचणार? त्यासाठी खात्याचा एक वेगळा विभागच केला गेला. प्रत्येक गावाला ग्रंथालय देण्याचे दोन मार्ग त्याने काढले.

पहिला मार्ग लाकडी पेटीचा. फिरत्या ग्रंथालयांची कल्पना ड्युई यांनी न्यूयॉर्क राज्यात १८९३ मध्ये अमलात आणली होती. बडोद्याने ती उचलली. एका मजबूत पेटीत पंधरा ते तीस निवडक पुस्तके भरायची आणि मागणी करणाऱ्या गावाला पाठवायची. गावातला शाळामास्तर किंवा एखादा जबाबदार माणूस ती उतरवून घेई, पुस्तके वाचायला देई, नोंद ठेवी, आणि ठरलेली मुदत संपली की पेटी परत धाडी. तिच्या जागी दुसरी पेटी येई. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. गावाला एक पैही पडत नसे. हिचा फायदा असा की लहान गावातल्या शंभर पुस्तकांच्या कायमच्या कपाटापेक्षा वीस-वीस पुस्तकांच्या बदलत्या पेट्या वाचकाला अधिक काळ धरून ठेवतात. शंभर पुस्तके हौशी वाचक वर्षभरात संपवतो आणि पुढे कपाटावर धूळ बसते. पेटी बदलत राहिली की पुढच्या वेळी काय येईल याची ओढ टिकते. शिवाय कोणत्या गावात काय वाचले जाते, कथा अधिक की शेतीची पुस्तके, धार्मिक अधिक की प्रवासवर्णने, हे परत आलेल्या नोंदींवरून खात्याला कळे आणि पुढची पेटी त्या मानाने भरता येई.

दुसरा मार्ग कायमच्या ग्रंथालयाचा, आणि त्याचे सूत्र होते तिसऱ्या हिश्श्याचे. गावकऱ्यांनी ठरावीक मर्यादेपर्यंत जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच राज्याने. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन रुपये होत. खेडे, शहर आणि प्रांताचे ठाणे यांच्यासाठी मर्यादा वेगवेगळ्या होत्या. इमारत बांधायची असेल तर तिलाही हाच हिशेब. यात गावाचा स्वतःचा पैसा गुंतलेला असल्याने ग्रंथालय ‘सरकारचे’ राहत नसे. लग्नकार्यात, सणासुदीला, धान्य विकून आलेल्या पैशातून लोक त्याच्यासाठी रक्कम काढून ठेवू लागले. उलट गरीब गाव अगदीच मागे पडू नये म्हणून पेट्या होत्याच. नुसते अनुदान दिले असते तर पहिल्याच दुष्काळात ते बंद पडले असते. सगळा भार लोकांवरच टाकला असता तर श्रीमंत पाटीदारांच्या गावांतच ग्रंथालये झाली असती. हे दोन मार्ग एकमेकांचे उणे भरून काढत. माझ्या मते भारतातल्या ग्रंथालयांच्या इतिहासात इतकी विचारपूर्वक केलेली अर्थव्यवस्था दुसरी नाही. या सूत्रावर राज्यात शेकडो ग्रामग्रंथालये उभी राहिली. पुढे मोतीभाई अमीन यांनी १९२४ च्या सुमारास ग्रंथालयांसाठी सहकारी मंडळ काढले. एकट्या गावाने पुस्तके आणि सामान मागवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मागवले तर स्वस्त पडते, असा त्यामागचा विचार.

ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांचे काय, हा प्रश्नही खात्याने टाळला नाही. ‘दृश्य शिक्षण’ असा एक विभाग काढून जादूच्या दिव्याची चित्रे आणि पुढे सिनेमाची यंत्रे गावोगाव फिरवली गेली. ग्रंथालय खात्याने निरक्षरांसाठी चित्रे दाखवत हिंडावे, हे त्या काळी जगातही फारसे कुठे होत नव्हते.

पण पेटीत घालायला पुस्तके तरी हवीत. इंग्रजीत कपाटे भरून पुस्तके होती. गुजराती-मराठीत शेती, आरोग्य, विज्ञान, इतिहास यांवर साध्या भाषेतली पुस्तके फार थोडी. बडोद्याचा दरबार मराठी आणि प्रजा बहुसंख्य गुजराती, त्यामुळे दोन्ही भाषांची जबाबदारी राज्यावर होती. १९०९ मध्ये मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले होते, कान्होबा रामचंद्र कीर्तिकर त्याचे अध्यक्ष. १९१२ मध्ये गुजराती साहित्य परिषदही बडोद्यास भरली आणि त्याच सुमारास सयाजीरावांनी दोन लाख रुपये वेगळे काढून त्यांच्या व्याजातून दोन्ही भाषांत पुस्तके लिहवून घेण्याची व्यवस्था केली. श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला या त्यातून निघाल्या. पुष्कळ मराठी वाचक या मालांकडे राजाश्रयाचे उदाहरण म्हणून पाहतात. मला त्या ग्रंथालय योजनेचाच भाग वाटतात. ग्रंथालय उघडणारे सरकार जर वाचकाच्या भाषेत पुस्तक तयार होईल याची काळजी घेत नसेल, तर ते रिकामी कपाटेच उघडत असते.

जुन्या पोथ्यांचीही सोय याच घरात झाली. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागाने हस्तलिखिते गोळा केली. चिमणलाल दलाल यांनी पाटणचे जैन भांडार तपासून तेथल्या दुर्मीळ ग्रंथांची नोंद केली. १९१६ मध्ये राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ छापून गायकवाड प्राच्यमालेची सुरुवात झाली. हा विभाग इतका वाढला की १९२७ मध्ये त्याची प्राच्यविद्या मंदिर ही स्वतंत्र संस्था झाली. रामायणाची चिकित्सक आवृत्ती पुढे येथेच सिद्ध झाली. खेड्यातल्या पोराची पेटी आणि ताडपत्रावरची पोथी यांचा सांभाळ काही काळ एकाच खात्याने केला.

बॉर्डेन गेल्यानंतर हे काम इथल्या माणसांनी पुढे नेले. जनार्दन सखाराम कुडाळकर हे मराठी अधिकारी खात्याचे प्रमुख झाले. १९१२ पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघत होते, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ग्रंथालय कसे चालवावे याविषयी मराठीत छापलेला पहिला नेमाने येणारा मजकूर हाच असावा. १९१९ मध्ये कुडाळकरांचे बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मद्रासला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. तिच्यामागे आंध्रातले कार्यकर्ते होते. त्यांनी १९१४ पासून बेझवाड्यात आपला ग्रंथालय संघ चालवला होता. संस्थानी बडोद्याची सरकारी चळवळ आणि आंध्राची लोकचळवळ अशा दोन प्रवाहांची ती भेट होती. कुडाळकरांनंतर न्यूटन मोहन दत्त यांनी खाते सांभाळले. त्यांचे बडोद्याच्या ग्रंथालयांवरचे १९२८ चे पुस्तक आजही या विषयाचा मुख्य आधार आहे.

याच बडोद्यात १९१७ मध्ये जे घडले ते सोडून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले. शहरात अस्पृश्याला राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत उतरले, आणि ते कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला. सामान बाहेर काढून ते कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. महाराजांनी शाळेचे, ग्रंथालयाचे, परदेशी शिक्षणाचे दार हुकमाने उघडले होते. शहराने आपली घरे उघडली नाहीत. बाबासाहेबांनी पुढे मुंबईत दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी, हे सर्वांना ठाऊक आहे. बडोद्याच्या ग्रंथालयांचे कौतुक करताना हुकमाची मर्यादा कुठे संपते, हे या एका प्रसंगावरून कळते.

दुसरी मर्यादा कायद्याची. सक्तीच्या शिक्षणाला बडोद्याने कायद्याचा आधार दिला, पण ग्रंथालयांना दिला नाही. खाते, पेट्या, तिसरा हिस्सा, सारे हुकमाने आणि अंदाजपत्रकाने चालत होते. महाराज हयात होते तोवर ते पुरले. सयाजीराव फेब्रुवारी १९३९ मध्ये वारले आणि मे १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मुंबई राज्याला बडोद्याची पद्धत चालू ठेवण्याचे कसलेही बंधन नव्हते. ग्रंथालये बंद पडली नाहीत, मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही चालू आहे आणि त्यात संस्थानी काळातली मराठी पुस्तकेही आहेत. पण गावोगावच्या ग्रंथालयांना जोडणारे जे स्वतंत्र खाते होते, ती यंत्रणा विसकटली. १९६० मध्ये बडोदे गुजरात राज्यात गेले आणि गुजरातला ग्रंथालय कायदा व्हायला २००१ उजाडावे लागले. ज्या प्रदेशात ही चळवळ सर्वांत आधी रुजली तो कायद्याच्या बाबतीत इतका मागे राहिला.

भारतातला पहिला ग्रंथालय कायदा मराठी मुलखातच झाला, कोल्हापूर संस्थानात, १९४५ मध्ये. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने, रंगनाथन यांच्या खटपटीमुळे, मालमत्ता करावर थोडा ग्रंथालय कर बसवला. त्यामुळे तेथे ग्रंथालयाचा पैसा दर वर्षी सरकारच्या मर्जीतून येत नाही, शहराच्या करातूनच येतो. मुंबई सरकारनेही १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि खेड्यापर्यंत उतरत जाणारी साखळी तिने सुचवली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आणि तो १ मे १९६८ पासून लागू झाला. त्यात राज्यभर अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अनुदान देण्याची व्यवस्था आहे, पण ग्रंथालय कर नाही. ग्रंथालय चालवते एखादी नोंदलेली संस्था, खर्चाचा वाटा देते सरकार, आणि सभासदाची वर्गणी चालूच राहते. म्हणजे आपण पुण्या-ठाण्याची जुनी वर्गणीची परंपराच सरकारी अनुदानाने पुढे चालवली. अनुदान रखडले की पुस्तकखरेदी थांबते आणि ग्रंथपालाचा पगार अडतो, ही ग्रामीण ग्रंथालयांची तक्रार जुनी आहे, आणि ती कायद्याच्या या रचनेतूनच येते. १९६७ च्या कायद्यात मद्रासच्या धर्तीवर कराची तरतूद करावी, आणि त्या उत्पन्नावर ग्रामपंचायतीच्या हद्दीतले प्रत्येक ग्रंथालय वर्गणीविना खुले करावे, अशी मागणी मला रास्त वाटते. गावाने रक्कम जमवली की तितकीच जिल्हा परिषदेने आणि तितकीच राज्याने द्यावी, ही बडोद्याची अट त्यात जशीच्या तशी घालता येईल.